शालनआत्या नर्स नव्हती

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, आयाबायांना आणि माझ्या बरोबरीच्या मुलामुलींना माझा जय भीम.

तुम्ही एवढ्या उन्हाचं आलात. दौंडहून आलात, शिरूरहून आलात, आपल्या तळेगावातले तर सगळेच आलात. विहारात जागा पुरली नाही म्हणून काही जण बाहेर ओट्यावर उभे आहेत. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. शाळेत मी तिसरीच्या मुलांपुढे बोलते, पण ती मुलं मध्येच पाणी प्यायला जातात, त्यामुळे धीर राहतो. इथं कुणी उठून जाणार नाही. म्हणून मी लिहून आणलंय.

बोलण्याआधी एक चूक दुरुस्त करायची आहे. चूक माझी आहे.

गेल्या मंगळवारी, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही आमच्या दारावर आला होता. कुणीतरी विचारलं, शालन तिकडं नेमकी काय करायची? मी म्हणाले, मस्कतच्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती, बारा वर्षं. ते चूक आहे. बारा नाही, साडेअकरा वर्षं. आणि शालनआत्या नर्स नव्हती.

पुन्हा सांगते, मागच्यांना ऐकू आलं नसेल. शालनआत्या नर्स नव्हती. ती लोकांच्या घरात काम करायची. स्वयंपाक, धुणं, भांडी, फरशी, आणि एका म्हातारीचं हागणंमुतणं. साडेअकरा वर्षं तिनं हे काम केलं.

तुमच्या हातात जी पत्रिका आहे, तिच्यावर 'कालकथित शालन, परिचारिका, मस्कत' असं छापलंय. तो मजकूर मीच लिहून दिला. छापखान्यात उभी राहून मीच तपासला. 'परिचारिका'मधली रि ऱ्हस्व आहे ना, ते दोनदा पाहिलं. शब्द बरोबर आहे का ते पाहिलं, खरा आहे का ते पाहिलं नाही.

कुजबुज होतेय. होऊ द्या. मी थांबते थोडी.

पुढच्या रांगेत आण्णा बसलेत. माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. आज सकाळी मला म्हणाले, "वैशे, मानसं लांबनं येनार हायती. वाकडंतिकडं कायबी बोलू नगंस." मी हो म्हणाले. आण्णा, तुम्ही मान खाली घालू नका. हे तुमच्यावर नाही. सुरुवात मी केली होती. सुरुवात कशी झाली ते मला सांगू द्या.

आत्याचं लग्न दौंडला झालं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. नवरा रेल्वेत. त्यानं दुसरी केली, आणि आत्या एक ट्रंक घेऊन परत आली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला दम्याचा त्रास, म्हणून शाळेत घातलं नव्हतं. आत्या दहावीपर्यंत शिकलेली. तिनं मला घरातच शिकवलं. चुलीपुढं बसून, पाटीवर, आणि वाण्याच्या पुड्याचे कागद सरळ करून. तिसरीपर्यंतची माझी शाळा म्हणजे आत्या. एकच मास्तरीण, एकच विद्यार्थिनी, आणि पट भरलेला.

तिचा एक नियम होता. मी वाचताना पुढचा शब्द अंदाजानं म्हणायचे. पुड्याच्या कागदावर 'पुणे' दिसलं की मी पुढं 'शहर' म्हणून मोकळी. ती हात धरायची. म्हणायची, "मनचं घालू नगंस. लिवलंय तेवढंच वाच."

अकरा वर्षांची होईपर्यंत मी तो नियम पाळला.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर आत्या मस्कतला गेली. दौंडला तिच्या शेजारच्या क्वार्टरमधली एक बाई तिकडं होती, तिनं व्हिसा पाठवला. काय काम, ते आत्यानं घरात नीट सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतं. आमचे आबा, माझे आजोबा, तेव्हा होते.

आबांना इथले म्हातारे ओळखतात. तरुणपणी आबांनी गावकीची कामं केली. मेलेली जनावरं ओढली. कुणी मेलं की सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळाले. आणि त्याच्या बदल्यात दारोदार शिळी भाकरी मागितली. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते सगळं एका दिवसात टाकलं. घरात सांगितलं, "इथनं फुडं आपल्या घरातलं मानूस कुनाचं खरकटं काडनार न्हाई. उपाशी मरू." आणि कित्येक दिवस घर उपाशी राहिलं. पण शब्द मोडला नाही.

हा अभिमान खरा होता. याच अभिमानामुळे आण्णा शिकले, एसटीत कंडक्टर झाले. याच अभिमानामुळे मी आज शाळेत शिकवते. या विहारात उभं राहून मी त्याची चेष्टा करणार नाही. पण त्याच अभिमानानं आत्याचं तोंड बांधलं, हेही मला इथंच सांगायचंय. दुसरीकडं कुठं सांगू?

जाताना आबा तिला एवढंच म्हणाले, "परमुलखात जातीस, जा. पन कुनाचं खरकटं काडू नगंस." आत्या म्हणाली, "न्हाई काडत, आबा." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

पहिलं पत्र संक्रांतीच्या सुमाराला आलं. आण्णा ड्यूटीवर. आबांना वाचता यायचं नाही. ओट्यावर आबा आणि शेजारची दोन माणसं बसली होती. मला बोलावलं. "वाच गं पोरी, मोठ्यानं वाच. ह्यास्नीबी कळू दे."

मी वाचत गेले. विमान, समुद्र, उंच घरं. मग ओळ आली. अजून मला तोंडपाठ आहे. 'म्हातारीला उचलून न्हाऊ घालते, सगळ्यांची खरकटी ताटं काढते, दिवसातून दोनदा फरशी पुसते, आबांना सांगू नये.'

मी थांबले. आबा म्हणाले, "का गं? अक्षार लागंना व्हय?"

मी म्हणाले, "लागतंय. आत्या लिहिते, दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटला सांभाळते."

"म्हंजी नरस?"

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच झालं. एक 'व्हय'. त्या दोघांपैकी एक जण उठून म्हणाला, "आबा, पेढं काढा! पोरगी नरस झाली!" संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. आण्णा ड्यूटीवरून आले, तोपर्यंत त्यांना रस्त्यातच चौघांनी शाबासकी दिली होती. घरात आल्यावर त्यांनी पत्र मागितलं. उभ्या उभ्या वाचलं. माझ्याकडं पाहिलं. पत्र घडी करून तसबिरीमागं ठेवलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

मला वाटलं होतं मार मिळेल. मार मिळाला असता तर आज मी दुसरं काहीतरी बोलत असते.

त्यानंतर प्रत्येक पत्र मी तसंच वाचलं. कागदावर एक, तोंडात दुसरं. आत्या लिहायची, 'खोलीला आतून कडी नाही, दाराला तांदळाचं पोतं लावून झोपते.' मी वाचायचे, 'राहायला वेगळी खोली आहे.' आत्या लिहायची, 'माझ्या आधीच्या बाईचं नाव मेरी होतं, म्हणून मलाही मेरीच म्हणतात. मांजराला मात्र नवं नाव ठेवलंय.' मी वाचायचे, 'इथं सगळे आदरानं बोलतात.' ती लिहायची, 'समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं, त्याचा चहा काही केल्या चहासारखा लागत नाही.' हे मी वाचायचे. चहाबद्दल नर्सलाही बोलता येतं.

आणि चांगलं होतं, तेसुद्धा मी गाळलं. हे मला जास्त लागतं. एकदा तिनं लिहिलं, 'म्हातारी मला अरबीत शिव्या देते, मी तिला मराठीत देते. आता वर्ष झालं, दोघींना एकमेकींच्या शिव्या समजतात. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं ती जेवत नाही.' मी हसले, आणि आबांनी विचारलं, "का हासलीस?" मी म्हणाले, काही नाही. नर्स पेशंटला शिव्या कशी देईल? आबांना ते ऐकून काय हसू आलं असतं. आबांच्या शिव्या तुम्ही ऐकल्यात.

एक मात्र मी जसंच्या तसं वाचलं. शुक्रवारी दुपारी तिला सुट्टी असायची. तिथं तिला लंकेची एक बाई भेटली, तीही घरकाम करणारी. नाव कुसुम. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण कुसुमही बौद्ध. एकदा समुद्राच्या कट्ट्यावर बसून ती पुटपुटत होती आणि आत्याच्या लक्षात आलं, अगं, ही तर आपली वंदना म्हणतेय. चाल वेगळी, पाली शब्द तेच. मग दर शुक्रवारी दोघी मिळून म्हणायला लागल्या. हे ऐकून आबांनी हात जोडले. म्हणाले, "मंग तितं आपलं घरच हाय म्हनायचं."

होतं आबा. तिथं तिचं घर होतं. इथंच नव्हतं.

इथं का नव्हतं, तेही सांगते. सत्त्याण्णव साली आत्या पहिल्यांदा सुट्टीवर आली. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आली होती. तुम्हाला आठवतंय? सगळ्यांना आठवत असणार, कारण तुम्ही सगळे आला होतात. जीपमधून उतरून तिनं चहाचा कप तोंडाला लावला नव्हता, आणि दारात रांग लागली. कुणाचा गुडघा, कुणाची पित्ताची गोळी, कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते. एक मावशी तर म्हणाल्या, "इंजेक्षन देच बाई, तुज्या हाताला गुन आसंल, फारीनचा हात हाय."

आत्याला काहीच कळेना. ती आण्णांकडं बघायची, आण्णा भिंतीकडं बघायचे. आबा खाटेवर बसून सगळ्यांना सांगत होते, "एकएकानं या. गर्दी करू नका. पोरगी दमून आलीया." त्यांच्या तोंडावरचा आनंद मी पाहिला. आत्यानंही पाहिला. आणि मग तिनं पदर खोचला आणि पहिल्या माणसाची नाडी धरली.

ती एक तास नाड्या धरत होती. सगळ्यांना एकच सांगत होती. "डागदरला दाखवा. मी गोळी देत न्हाई. डागदरला दाखवा." लोक म्हणाले, केवढी हुशार, उगीच औषध देत नाही.

त्या रांगेत कांताकाकू होत्या. कांताकाकू, बसा, उठू नका. हो, तुमचंच सांगतेय. तुमच्या पाठीवर छाया होती. पाठीवर घ्यायचं वय नव्हतं तिचं, पण तापानं पाय टाकवत नव्हता. आत्यानं तिच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली तुमच्यावर. "ही इतं कशाला आनली? शिक्रापूरला न्या. आत्ताच्या आत्ता न्या!" तुम्ही नेलंत. टायफॉईड निघाला. डॉक्टरांनी बरं केलं, आणि नाव आत्याचं झालं.

सगळे गेल्यावर आत्या मला म्हणाली, "वैशे, ह्यास्नी कुनी सांगितलं गं?"

मी म्हणाले, "मी."

"माजी पत्रं तूच वाचतीस ना?"

"हो."

"लिवलंय तेवढंच?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले. सोळा वर्षांची होते, काही बोलता आलं असतं. आत्या म्हणाली, "म्हाताऱ्यासाटी केलंस, कळतंय मला. पन बग, आता मी ह्या घरात माजंच ताट धुवाया उटले, तरी कुनी म्हनंल, राहू द्या नर्सबाई. मंग मी बसू कुटं?"

दोन महिन्यांची सुट्टी होती. वीस दिवसांत ती परत गेली. आम्ही सांगितलं, दवाखान्यातून बोलावणं आलं. तुम्ही म्हणालात, काय करणार, जबाबदारीचं काम.

दोन वर्षांनी आबा गेले. आबांसाठी खोटं बोललो, असं आम्ही स्वतःला सांगत होतो. मग आबा गेल्यावर खरं का नाही बोललो? हे मी गेले पाच दिवस स्वतःला विचारतेय. उत्तर सोपं आहे. तोपर्यंत ते खोटं आमच्या उपयोगाचं झालं होतं. आण्णांना डेपोत मान होता. आणि माझ्या लग्नासाठी जो कागद फिरतो, त्यावर माझं शिक्षण, उंची, आणि खाली लिहिलंय, 'आत्या परदेशात परिचारिका'. तो कागद माझ्या अक्षरात आहे. इथं बसलेल्या दोन घरांत तो जाऊन आलाय. त्या घरांनी नकार दिला हे बरं झालं. खरं कळल्यावर दिला असता, त्यापेक्षा बरं.

दोन हजार दोन साली आत्याचं पत्र आलं. म्हातारी गेली होती. आत्या ढसाढसा रडली, असं तिनं लिहिलं होतं. घरच्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती, दुसरं काम शोध नाहीतर परत जा. पुढं लिहिलं होतं, 'कंबर फार दुखते. आता घरी यावंसं वाटतं. काय करू ते कळवावे.'

'काय करू ते कळवावे.' या चार शब्दांना काय उत्तर असतं? 'ये.' एका शब्दाचं उत्तर आहे.

आण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. 'ये. काळजी करू नको. शिक्रापूरला नवीन दवाखाना निघाला आहे. तिथल्या डॉक्टरांशी बोललो आहे. नर्सची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. गावातले सगळे वाट बघतात.'

मी लिहिलं, घडी घातली, पत्ता लिहिला, डिंक लावला, पेटीत टाकलं. त्या पत्राचा अर्थ काय होतो हे मला कळत होतं. आण्णांना कळत होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. आण्णा खरोखर त्या डॉक्टरांशी बोलले होते. कदाचित त्यांना इतक्या वर्षांत ते खरंच वाटायला लागलं होतं. पण मला कळत होतं. आणि मी टाकलं.

उत्तर आलं. दोन ओळी. 'इथेच दुसरं घर मिळालं आहे. काळजी नसावी.'

तेव्हा एकवीस वर्षांची होते मी. आत्या बेचाळीस.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तिची चार पत्रं आली. चारही चारचौघांत वाचून दाखवण्यासारखी होती. एक शब्द बदलावा लागला नाही. तब्येत ठीक, हवा ठीक, काम ठीक. ती आता आमच्यासारखंच लिहायला शिकली होती.

मे महिन्याच्या शेवटी काम करताना तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं. दोन दिवस होती. मस्कतच्या मोठ्या दवाखान्यात आत्या तेवढी एकदाच गेली. तिथून परत आली नाही.

हे मला कुसुमनं फोनवर सांगितलं. शेजारच्या दुकानात फोन आला होता. ती तिकडचं हिंदी बोलते, मोडकंतोडकं. म्हणाली, "बहेन, मैं पास में था. हाथ पकड़ के रखा था." मग म्हणाली, "तुम्हारा बुआ बहुत हँसता था. बहुत मस्ती करता था. मेरा पेट दुखता था हँस हँस के." मी विचारलं, कोण? पुन्हा विचारलं, कोण हसायची? मला वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

आपल्यापैकी कुणी शालनआत्याला पोट धरून हसताना पाहिलंय? हात वर करा. आण्णा, तुम्ही?

कुणीच नाही.

कुसुम म्हणाली, आत्यानं गच्चीवर तुपाच्या डब्यांत मेथी लावली होती. भाकरीचं पीठ दुकानदाराकडून मागवून घेतलं होतं. शुक्रवारी सात-आठ जणींना भाकरी थापायला शिकवायची, केरळच्या, लंकेच्या, कुठकुठच्या. कुणाच्या मालकिणीनं कोंडून ठेवलं तर दारात जाऊन भांडायची, तोपर्यंत तिला अरबीत भांडता येत होतं. त्या बायकांमध्ये तिला मान होता. त्यांना ठाऊक होतं ती काय काम करते, कारण त्याही तेच करत होत्या. तिथं तिला कुणाची नाडी धरावी लागली नाही.

मुंबईला विमानतळावर पेटी घ्यायला आण्णा आणि मी गेलो होतो. पेटीबरोबर कागद होते. एका कागदावर नाव, वय, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, हाऊसमेड. घरकामगार. आण्णांनी तो कागद चार घड्या करून खिशात टाकला. मी विचारलं नाही. परत येताना जीपमध्ये मी पत्रिकेचा मजकूर लिहायला घेतला. 'परिचारिका.' हात आपोआप गेला.

आता तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाचं हे आज का उकरतेस? तिला मानानं जाऊ दे. मीही तेच म्हणाले असते. मंगळवारपर्यंत म्हणतही होते.

मंगळवारी तुम्ही गेल्यावर छाया मागं थांबली. कांताकाकूंची छाया, तीच. आता वीस वर्षांची आहे. शिक्रापूरच्या कंपनीत पॅकिंगला जाते, ठेकेदाराकडून, बारा बारा तास उभी. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, मी पन चाललेय. मस्कतला. आत्यांच्याच दवाखान्यात." मी म्हणाले, कुणी सांगितलं? म्हणाली, "पुण्याचा एजंट हाय. मी त्याला आत्यांचं सांगितलं, तर म्हनला, व्हय व्हय, तोच दवाखाना. आधी हेल्पर घेत्यात, वरसात नर्स करत्यात. आत्या पन तश्याच झाल्या आसतील ना?"

पासपोर्ट तिनं एजंटाला देऊन टाकलाय. व्हिसाच्या कागदाची झेरॉक्स तिच्याकडं आहे, अरबीत. त्यावर काय काम लिहिलंय हे तिला माहीत नाही, कांताकाकूंना माहीत नाही. तेवीस तारखेचं विमान आहे. आणि जाण्याचं धाडस तिला कुणामुळे आलं? माझ्यामुळे. माझ्या त्या एका 'व्हय'मुळे. लहानपणी जिच्या हातानं ताप उतरला, त्या नर्सकडं बघून ही मुलगी निघालीय, आणि ती नर्स मी केलेली आहे.

मंगळवारी तिला मी काय उत्तर दिलं, माहीत आहे? मी म्हणाले, "छान."

छाया, तू दाराजवळ उभी आहेस, दिसतेस मला. मी तुला जाऊ नको म्हणत नाही. जायचं की नाही, हे मी कोण सांगणार? इथं बारा तास उभं राहण्यापेक्षा तिथलं घरकाम बरं, असं तुला वाटलं तर तेही ऐकून घेईन. आत्यानं तिथं जे उभं केलं, ते आपल्यापैकी कुणाला इथं करता आलं नाही. पण तुला तिथं नेऊन कुणाच्या घरात सोडलं, आतून कडी नसलेल्या खोलीत, आणि तू रडत पत्र लिहिलंस, तर ते पत्र इथं कांताकाकूंना वाचून कोण दाखवणार? मीच ना? वस्तीतली पत्रं अजून माझ्याकडंच येतात.

आणि तुम्ही सगळे. तुम्हाला माझा राग आला असेल. यावाच. पण थोडा तुमचाही मला येतो. साडेअकरा वर्षांत एकानंही विचारलं नाही, शालन, तू हे शिक्षण कधी घेतलंस? दहावी झालेली बाई तीन महिन्यांत नर्स कशी झाली, हे कुणाला खटकलं नाही? खटकलं असणार. पण आपल्या वस्तीतली एक बाई परदेशात नर्स आहे, हे आपल्याला सगळ्यांनाच हवं होतं. घरकाम करणारी शालन आपल्याला नको होती. तिला ते बरोबर कळलं, म्हणून ती आली नाही. आली ती पेटीतून.

तिनं कष्ट केले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. आबा आज असते तर मी त्यांना हे तोंडावर सांगितलं असतं, असं म्हणायला मला आवडेल. पण मला खात्री नाही. म्हणून म्हणत नाही.

पत्रिका घरी नेणार असाल तर 'परिचारिका' हा शब्द खोडून न्या. ज्यांच्याकडं पेन नाही त्यांना मी देते.

आता आपण उभं राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, तिच्याबद्दल चांगलंही बोलू नका. ज्या शालनला आपण ओळखतच नव्हतो, तिच्यासाठी गप्प राहू. मग वंदना घेऊ, आणि तुम्ही घरी जा.

मी एवढंच करणार आहे. छाया, तुझी झेरॉक्स घेऊन तयार राहा. कांताकाकू, तुम्हीही या. शिरूरच्या मशिदीतल्या मौलवींना अरबी वाचता येतं, मी त्यांना विचारून ठेवलंय, ते थांबणार आहेत. कागदावर काय लिहिलंय ते त्यांच्याकडून ऐकायचं, आणि तिथूनच पुण्याला एजंटाकडं जाऊन तुझा पासपोर्ट हातात मागायचा. नाही दिला तर पोलीस चौकीत. रजेचा अर्ज मी शाळेत दिलाय. कारण खरं लिहिलंय.

सकाळी साडेआठची गाडी. येत्या गुरुवारी, सतरा जूनला.